नकाशा वाचायला शिका



अक्षरे आता तुमच्या ओळखीची झाली आहेत. एस.टी.वरची पाटी वाचता येते. सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव कुठे आहे, ते बोट ठेवून दाखवता येते. आता आणखी एक लिपी शिकायची आहे. हिला काना-मात्रा नाही, वेलांटी नाही. ही रेघांची लिपी आहे. हिचे नाव नकाशा.

पुष्कळ लोक म्हणतात, "गुरुजी, नकाशा हे तलाठ्याचं आणि इंजिनिअरचं काम. आपल्याला काय करायचंय?" आम्हाला हे पटत नाही. जमीन आपली, घाम आपला, आणि त्या जमिनीचा कागद मात्र दुसऱ्याने वाचून सांगायचा, हे बरे नव्हे. धुऱ्यावरून सख्खा भाऊ भावाचे तोंड पाहत नाही. शेतरस्त्यावरून दोन घरे कोर्टाची पायरी चढतात. कधी कधी त्या जागेचा नकाशा घरातल्याच पेटीत घडी घालून ठेवलेला असतो. पण तो उलगडून वाचणारा कोणी नसतो. म्हणून आज नकाशा कसा तयार होतो, आणि तो कसा वाचायचा, ते पाहू.

घारीची नजर

लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. बाजारात उभे राहिले तर काय दिसते? दुकाने, पाट्या, माणसांची गर्दी. पण तीच गोलाई वर घिरट्या घालणाऱ्या घारीला कशी दिसत असेल? मधोमध एक मोठे वर्तुळ, आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. जणू बैलगाडीचे चाक आणि त्याचे आरे!

समोरून दिसते ते चित्र. वरून दिसते तसे काढले तर तो नकाशा. चित्रात पुढचे घर मोठे आणि मागचे लहान दिसते. नकाशात तसे चालत नाही. तिथे प्रत्येक वस्तू सारख्याच मापाने लहान करावी लागते. इथूनच नकाशाचे नियम सुरू होतात.

पहिली गोष्ट : प्रमाण

दहा एकरांचे शेत हातभर कागदावर मावायचे, तर ते लहान केले पाहिजे. किती लहान केले, हे सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण म्हणतात. नकाशाच्या एका कोपऱ्यात ते लिहिलेले असते. समजा, १ : ५००० असे लिहिले आहे. याचा अर्थ, कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५००० सेंटिमीटर, म्हणजेच ५० मीटर.

आता हिशेब करू. नकाशावर एक शेत ४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद आहे. जमिनीवर ते २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद झाले. दोनशे गुणिले शंभर, म्हणजे २०,००० चौरस मीटर. १०,००० चौरस मीटरचा एक हेक्टर होतो. तेव्हा हे शेत दोन हेक्टरांचे, म्हणजे जवळजवळ पाच एकरांचे. बघा, पट्टी आणि पाढे एवढ्यावर काम झाले!

जुने लोक गुंठ्यात बोलतात. तो हिशेबही सोपा आहे. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची असे. तिचे सोळा भाग करीत, आणि एका भागाला आणा म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद अशी जागा म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आता उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. आर आणि गुंठा हे जवळजवळ सारखेच आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे घोटाळा होत नाही.

प्रमाणाबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. पहिली अशी की, झेरॉक्स काढताना नकाशा लहान-मोठा होऊ शकतो. तसा तो झाला, तरी कोपऱ्यात छापलेला १ : ५००० हा आकडा तसाच राहतो, आणि मग तो खोटा ठरतो. काही नकाशांवर आकड्याच्या जोडीला खुणा केलेली एक पट्टी काढलेली असते. तिला प्रमाणपट्टी म्हणतात. कागद आटला तर तीही सोबत आटते. म्हणून झेरॉक्सवर तीच भरवशाची.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नकाशावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आहे असे धरा. १ : ५००० या प्रमाणात अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर, म्हणजे आठ फूट! आणि भांडण किती फुटांचे असते? दोन नाही तर तीन. म्हणजे ज्या रेघेवरून काठ्या निघतात, ती रेघच त्या भांडणापेक्षा जाड असते. गावनकाशावर पट्टी ठेवून धुरा ठरवू नये. गावनकाशा शेत कुठे आहे, त्याचा आकार कसा आहे, शेजारी कोण आहे, हे सांगतो. नेमकी हद्द ठरवायला मोजणीच लागते.

दुसरी गोष्ट : दिशा

नकाशात वरची बाजू उत्तर धरण्याची रीत आहे. बहुतेक नकाशांवर वर तोंड केलेला एक बाण काढून उत्तर दाखवलेली असते. खाली दक्षिण, उजव्या हाताला पूर्व, डाव्या हाताला पश्चिम.

ही रीत माणसांनीच पाडली. ११५४ साली अल-इद्रिसी नावाच्या अरब पंडिताने सिसिली बेटाच्या राजासाठी जगाचा नकाशा केला. त्यात वरच्या बाजूला दक्षिण होती. म्हणून आधी बाण पाहावा, मग नकाशा वाचावा.

नकाशा हातात आला की तो जमिनीशी जुळवून घ्यावा. सकाळी उगवत्या सूर्याकडे उजवा हात करून उभे राहा. तुमचे तोंड उत्तरेकडे झाले. आता नकाशाची वरची बाजू पुढे धरा. नांदेडच्या घाटावर असे उभे राहिलात, तर गोदावरीचे पाणी साधारणपणे डावीकडून उजवीकडे, म्हणजे पूर्वेकडे जाताना दिसेल. नकाशातही ती तशीच गेलेली असते. कागद आणि जमीन एकमेकांशी बोलू लागतात, ते असे.

तिसरी गोष्ट : खुणा

नकाशावर विहीर काढायला जागा नसते, म्हणून तिथे एक लहानशी खूण करतात. देऊळ, पूल, रेल्वे, तळे, प्रत्येकाची खूण ठरलेली आहे. खुणांचा अर्थ नकाशाच्या कडेला लिहिलेला असतो. त्याला सूची म्हणतात. सूची न वाचता नकाशा पाहणे म्हणजे बाराखडी न शिकता पोथी उघडणे.

गावनकाशातल्या दोन खुणा तरी प्रत्येक शेतकऱ्याने ओळखाव्यात. दोन तुटक रेघा शेजारी-शेजारी गेल्या असतील, तर तो गाडीरस्ता. एकच तुटक रेघ असेल, तर ती पाऊलवाट. "इथून कधी रस्ताच नव्हता" असे कोणी म्हटले, तर आधी गावनकाशा आणून पाहावा. त्यावर रस्ता दाखवलेला असेल, तर तो तहसीलदारापुढे ठेवण्याजोगा चांगला पुरावा आहे.

डोंगर-उताराच्या नकाशात वाकड्यातिकड्या, एकमेकींना न कापणाऱ्या रेघा असतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी ही रेघ. तिला समोच्च रेषा म्हणतात. तुम्ही शेतात समपातळी बांध घातले असतील, तर ही रेघ तुमच्या ओळखीचीच आहे. रेघा जवळ-जवळ असल्या की चढ उभा, लांब-लांब असल्या की उतार सौम्य. पाणी कुठून येईल आणि कुठे अडवावे, हे या रेघा सांगतात.

जमीन कशी मोजली?

आता तुम्ही विचाराल, हे सगळे कागदावर आले कसे? ही गोष्ट फार जुनी आहे. मिसर देशात नाईल नदीला दर वर्षी पूर येई आणि शेतांच्या हद्दी पुसून जात. मग दोरीने जमीन पुन्हा मोजीत. इराकात भाजक्या मातीच्या पाट्यांवर कोरलेले शेतांचे नकाशे सापडले आहेत.

आपल्याकडे अकबराच्या काळापर्यंत दोरीनेच मोजणी होई. पण दोरी ओली झाली की आटते आणि सुकली की सैल होते. सकाळी दवात मोजलेली जमीन आणि दुपारी उन्हात मोजलेली जमीन सारखी भरत नसे. यात रयत नाडली जाई. म्हणून दोरी काढून टाकून लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची साखळी आणली. खरे माप म्हणजे काय, हा रयतेच्या पोटाचा प्रश्न तेव्हाही होता.

पण नदी आडवी आली, डोंगर आडवा आला, तर साखळी कशी ओढायची? तिथे त्रिकोण कामाला येतो. तुम्ही स्वतः करून पाहा. गोदावरीच्या काठी उभे राहा. समोरच्या काठावरचे एक झाड अगदी नाकासमोर धरा. तुमच्या पायाशी एक खुंटी ठोका. आता चौकोनी कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून दुमडा, त्रिकोण होईल. मग खुंटीपासून काठाकाठाने सरळ चालू लागा. मधून मधून थांबून त्रिकोण आडवा धरा. त्याची एक आखूड बाजू मागच्या खुंटीकडे रोखा, आणि दुमडलेली लांब बाजू कुठे जाते ते पाहा. ज्या जागी ती लांब बाजू बरोबर त्या झाडाकडे जाईल, तिथे थांबा. खुंटीपासून तुम्ही जेवढे चाललात, तेवढीच नदी रुंद! पाण्यात पाय न घालता नदी मोजली.

एक बाजू मोजायची, दोन टोकांचे कोन पाहायचे, की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने कळतात. त्यातल्या एका बाजूवर दुसरा त्रिकोण, दुसऱ्यावर तिसरा. अशी त्रिकोणांची साखळी देशभर पसरता येते.

आपल्या मुलखातून गेलेली रेघ

अगदी अशीच साखळी आपल्या हिंदुस्थानावर घातली गेली. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेघ मोजली. लोखंडी साखळी उन्हाने लांबते, म्हणून ती लाकडी पेटाऱ्यात, सावलीत ठेवून मोजीत. कोन पाहायचे त्यांचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवावे लागे.

पुढे दक्षिणेकडून उत्तरेकडे ही त्रिकोणांची साखळी निघाली. ती निजामाच्या राज्यात आली. १८१५ साली बीदरजवळ दामरगिड्डा इथे पुन्हा एक रेघ मोजून आधीचा हिशेब पडताळला. तिथून साखळी वऱ्हाडाकडे गेली. नकाशावर बीदर आणि अचलपूर ही दोन ठिकाणे जोडून पाहा. मध्ये आपलाच नांदेडचा मुलूख येतो. म्हणजे जगात गाजलेली ही मोजणी आपल्या टेकड्यांवरून गेली आहे.

लॅम्बटन उत्तरेकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवले. १८४१ च्या सुमारास कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंतची, सुमारे २,४०० किलोमीटरची रेघ पुरी झाली. याच मोजणीचा हात पुढे हिमालयापर्यंत पोचला. जगातल्या सर्वांत उंच शिखराचा हिशेब राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने केला. शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट साहेबांचे मिळाले. यंत्रे वाहणारे, झेंडे धरून टेकडीवर दिवस दिवस उभे राहणारे, जंगलातल्या तापाने मेलेले खलाशी आणि हमाल यांची नावे तर कोणालाच ठाऊक नाहीत.

हे काम कंपनी सरकारने का केले? पृथ्वीचा आकार कळावा, ही विद्येची ओढ होतीच. पण फौजा कुठून न्यायच्या आणि सारा किती बसवायचा, हेही कळायला हवे होते. सारा बसवण्यासाठी शेतांची वेगळी मोजणी झाली. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिची घडी बसवली. शेताला नंबर, हद्दीला दगड आणि गावाला नकाशा, ही पद्धत तिथून पसरली. सरकारने आपल्या सोयीसाठी केलेला हा कागद आज मात्र आपल्या हक्काचा पुरावा आहे. त्याचा उपयोग करून घेणे आपल्या हाती आहे.

आपले गाव कुठे आहे?

पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. संत्र्याची साल टेबलावर सपाट करू गेलात तर ती फाटते. तसेच पृथ्वीचे होते. म्हणून सगळ्या जगाच्या सपाट नकाशात कुठे आकार, तर कुठे अंतर थोडे बिघडतेच. गावाच्या नकाशात हा फरक जाणवत नाही.

गोल पृथ्वीवर जागा सांगण्यासाठी आडव्या आणि उभ्या रेघा मानल्या आहेत. आडव्या त्या अक्षांश, उभ्या त्या रेखांश. नांदेड साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हे पडताळायचे असेल, तर रात्री ध्रुव तारा पाहा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. नांदेडहून ध्रुव तारा क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर दिसतो. जितके अक्षांश, तितकाच ध्रुव वर. काश्मिरात तो याहून बराच उंच दिसेल.

या रेघांवरूनच भारतीय सर्वेक्षण खात्याने देशाचे नकाशे तुकड्यातुकड्यांनी काढले. हे खाते १७६७ सालचे आहे. प्रत्येक तुकड्याला नंबर आहे. जुन्या क्रमाप्रमाणे नांदेड शहर ५६ ई/८ या तुकड्यात येते, आणि लातूर ५६ बी/११ मध्ये. त्यांचे प्रमाण १ : ५०,०००. म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर हे एक किलोमीटर.

नकाशा कधीचा आहे?

प्रमाण, दिशा आणि खुणा वाचल्या. आता एक शेवटचा प्रश्न विचारायचा. हा नकाशा कोणी केला, आणि कधी केला?

एखादा जुना नकाशा उघडाल, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बीदर जिल्ह्यात दिसतील. तो १९५६ च्या राज्य-पुनर्रचनेआधीचा. नंतरच्या नकाशात हेच तालुके उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यात दिसतील. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला, तेव्हापासूनच्या नकाशात ते लातुरात आले. गावे जागची हलली नाहीत, रेघा हलल्या. जुना नकाशा खोटा नव्हे. तो त्या दिवसापुरता खरा.

याचा कठीण धडा आपल्याच मुलखाने दिला आहे. देशात भूकंपाचा धोका कुठे किती, हे दाखवणारा एक नकाशा असतो. १९९३ पूर्वीच्या त्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, जमीन हादरली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. नकाशा करणाऱ्यांना तेव्हा जेवढे ठाऊक होते, तेवढेच नकाशात होते. जमिनीच्या पोटातले त्यांना दिसले नव्हते. पुढे २००२ साली तो नकाशा बदलला आणि हा भाग वरच्या धोक्याच्या पट्ट्यात घेतला. किल्लारी, सास्तूर आणि इतर गावे नव्या जागी वसली. आता जुन्या नकाशावर गाव आहे, पण त्या जागी जुने गाव नाही.

नकाशावर भरवसा ठेवावा. पण त्याच्यावरची तारीख वाचून ठेवावा.

आपल्या उपयोगाचे

आता जमीन मोजायला उपग्रहाशी बोलणारी यंत्रे आली आहेत. २०२० सालापासून स्वामित्व योजनेत गावठाणातली घरे उडत्या ड्रोनने मोजली जात आहेत. मोबाइलवरही शेताचा नकाशा दिसतो. ही सोय चांगली आहे. पण मोबाइलवरची रेघ पाहण्यापुरती. तिच्यावर विसंबून दगड हलवू नये आणि शेजाऱ्याशी वैर धरू नये.

हद्दीचा वाद असेल, तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी हजर राहावे. भूकरमापक हद्दीच्या खुणा दाखवतो, तेव्हा त्या स्वतः पाहाव्यात. मग मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मागून घ्यावी, आणि तिच्यावर प्रमाण, दिशा, गट नंबर आणि तारीख आहे की नाही ते वाचावे.

जमीन विकत घेताना खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला आणि उत्तरेला काय, हे वाचताना शेजारी गावनकाशा ठेवावा. कागदात पूर्वेला नाला लिहिला आहे, आणि नकाशात नाला पश्चिमेला आहे, तर सही करू नये. आधी विचारावे. घरातल्या बायाबापड्यांनीही हे शिकावे. वाटणीच्या वेळी भाऊबंदांत नकाशा पसरला जातो, तेव्हा विधवा सुनेचे किंवा माहेरवाशिणीचे बोटही त्या कागदावर फिरले पाहिजे. "मला काय कळतंय त्यातलं" असे म्हणून तिने मागे बसू नये.

करून पाहा

१. आपल्या घराचा नकाशा काढा. पावलांनी मोजा. एक पाऊल म्हणजे कागदावर अर्धा सेंटिमीटर धरा. दार, चूल आणि खिडकी यांना खुणा ठरवा. उत्तरेचा बाण आणि आजची तारीख घालायला विसरू नका.

२. तलाठ्याकडे गावनकाशा पाहा. आपला गट नंबर शोधा. त्याच्या चारही बाजूंचे नंबर वहीत लिहा.

३. गावनकाशात गाडीरस्त्याची दुहेरी तुटक रेघ कुठून कुठे जाते ते पाहा. मग त्या वाटेने एकदा पायी चालून या. नकाशात आहे ते जमिनीवर उरले आहे का, ते चावडीवर सांगा.